अवघड जागच्या मोऱ्या आत न शिरता कशा तपासायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याखालची मोरी म्हणजे अवघड जागेचं दुखणं. वरून डांबर गुळगुळीत दिसतं, गाड्या सुसाट जातात आणि खाली भरावाची माती रोज मूठ मूठ वाहून जात असते, कुणाला पत्ताही नसतो. आत माणूस न पाठवता ती कशी बघायची यावर लोक पुन्हा पुन्हा तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून काढतोय. माझा एकच आग्रह आहे, कुठलं मशीन आणायचं हे नंतर ठरवा, या मोरीत आपण नेमकं काय शोधतोय ते आधी ठरवा.

इथं मोरी म्हणजे नक्की काय?

घरातली न्हाणीची मोरी नव्हे, रस्त्याच्या भरावाखालून पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणारा पाईप, चौकोनी बॉक्स, स्लॅब नाहीतर जुनी दगडी कमान. भारतात ६ मीटर लांबीपर्यंत मोरी धरतात, त्यापुढे छोटा पूल. अमेरिकेत २० फुटांपेक्षा मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, असला की तो पुलांच्या यादीत जातो आणि ठरलेल्या मुदतीत त्याची तपासणी करावीच लागते, त्याहून लहान मोऱ्यांना तो केंद्रीय नियम लागत नाही. म्हणजे मोठ्याकडे लक्ष आणि लहान्याकडे दुर्लक्ष, हे सगळीकडेच होतं, आणि मीटरभर पाईपवर १० मीटर भराव उभा असेल तर तो लहान पाईपच सगळ्यात महागात पडतो.

माणूसच आत पाठवला तर काय बिघडलं? वर्षानुवर्षं तेच तर करतात.

करतात, आणि त्यात माणसं जातात. बाहेर हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात, आणि कुजलेला पाला, साचलेलं पाणी, गंजणारं लोखंड हे सगळं बंद जागेतला ऑक्सिजन खात असतं. गाळात हायड्रोजन सल्फाईड असतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक वासावर भरवसा ठेवतात, पण प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटतं बरं झालं, वास गेला. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळालाच बसतो आणि रांगत जाणाऱ्याचं तोंड नेमकं तिथंच असतं.

दुसरी गोष्ट मला फार लागते ती म्हणजे वाचवायला जाणाऱ्यांची. अमेरिकेतल्या निऑश या कामगार सुरक्षा संस्थेनं १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक हे मदतीला म्हणून आत शिरलेले होते. एक पडला की मागून दुसरा धावतो, मग तिसरा. शिवाय वरच्या बाजूला लांब कुठं पाऊस पडला तर इथं ऊन असतानाही पाणी येतं, आणि साप, मधमाश्या असतात ते वेगळंच. म्हणून आधी डोळा आत पाठवायचा, माणूस शेवटी, आणि तोही गॅस मीटर, दोर, बाहेर उभा राहणारा साथीदार आणि रीतसर परवानगी असेल तरच.

साध्या बॅटरीनं आणि काठीला बांधलेल्या मोबाईलनं भागतं का?

पुष्कळदा भागतं, आणि याची लाज वाटून घेऊ नका. मोरी लहान आणि सरळ असेल तर एका तोंडाशी वाका आणि पलीकडच्या तोंडाचा उजेडाचा गोल बघा. तो पूर्ण गोल दिसला तर पाईप सरळ आहे. खालून कापलेला दिसला तर एकतर तळात गाळ आहे नाहीतर मधला भाग वर उचललाय, एका बाजूनं कापलेला दिसला तर पाईप आडवा सरकलाय किंवा मुळातच वळण आहे, आणि वरून चपटा दिसला तर माथा खाली दबतोय नाहीतर मधला भाग खचलाय, हे मात्र लगेच वरिष्ठांच्या कानावर घाला. कुणाला तरी पलीकडून मोठी बॅटरी आत मारायला सांगितली की हाच गोल अजून स्वच्छ दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे हे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पोल कॅमेरा, लांब काठीच्या टोकाला झूम होणारा कॅमेरा आणि दिवे. उतारावरून खाली तोंडाशी उतरता येत नसेल, पाणी वाहत असेल, काटेरी झुडपं असतील तेव्हा हा फार उपयोगी, वरूनच काठी खाली सोडून आत झूम करता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, झूममध्ये लांबचा सांधा तिरका दिसतो, त्यामुळे तडा किती रुंद, सांधा किती सुटलाय हे त्यावरून ठरवायचं नाही. कुठली मोरी आतून नीट बघायला हवी एवढी चाळणी लावायला तो चांगला.

चाकांचा रोबोट कधी लागतो?

ज्याला क्रॉलर म्हणतात तो. पाईप लांब आहे, सांधे बरेच आहेत, तडे मोजायचेत, आणि तळ बऱ्यापैकी चालण्यासारखा आहे, तर क्रॉलरसारखं दुसरं काही नाही. मागं केबल असते, तिच्यातूनच वीज आणि चित्र येतं, केबलच्या रिळावर मीटर मोजला जातो त्यामुळे 'तोंडापासून १४.२ मीटरवर तडा' असं नेमकं लिहिता येतं. कॅमेऱ्याची मान सगळीकडे वळते. वेग मिनिटाला ९ मीटरच्या वर न्यायचा नाही असा सर्वसाधारण दंडक आहे पण माझ्या मते प्रत्येक सांध्यावर थांबून पूर्ण गोल फिरवून बघितलं नाही तर तो वेग पाळूनही उपयोग नाही, कारण तडा आणि गळती बहुतेक वेळा सांध्याच्या आसपासच असते.

त्याच्या अडचणी सांगतो. गोटे, ओंडके, घोटाभर चिकट गाळ, सांध्यावरची पायरी, यात तो अडतो. वरच्या तोंडाशी विहिरीसारखा खड्डा असेल तर दोरीनं सोडावा लागतो. आणि पन्हळी पत्र्याच्या पाईपात चाकं पन्हळीवर उड्या मारतात, व्हिडिओ इतका थरथरतो की बघणाऱ्याचं डोकं दुखतं, तिथं मोठी चाकं लावा आणि हळू चालवा.

पैसे कमी असतील तर खेळण्यातल्या रिमोट गाडीच्या चासीवर चांगला ॲक्शन कॅमेरा आणि दिवे बसवूनसुद्धा काम होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या वाहतूक विभागानं अशीच एक स्वस्तातली गाडी तयार करून वापरली, हाईव्ह नावाची, आणि ती कल्पना पुढं इतर राज्यांनीही उचलली. मोजमाप करायला ती कमी पडते, पण 'आत काय चाललंय' हे मात्र दाखवते, आणि कित्येक मोऱ्या आजपर्यंत कुणी आतून पाहिलेल्याच नाहीत.

ड्रोन आत उडतो का? जीपीएस तर आत मिळत नाही.

नाही मिळत, आणि म्हणूनच साधा लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन आत न्यायचा नाही. आत उडवायचे ड्रोन वेगळे, पंख्यांच्या भोवती पिंजरा असतो, भिंतीला धडकला तरी सावरतो, आणि जागा ओळखायला कॅमेरे नाहीतर लायडार, म्हणजे लेझरनं अंतर मोजणारं यंत्र, वापरतो. फ्लायॅबिलिटी कंपनीचा एलिऑस ३ हा २०२२ मध्ये आला, त्यात लायडार बसवलेला आहे, उडता उडता तो आतल्या जागेचा त्रिमितीय नकाशा बनवत जातो. तळात गाळ, पाणी, दगड काही असो, ड्रोनला त्याचं काही नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पण पाईप अरुंद असला की पंख्यांची हवा भिंतीला आपटून परत ड्रोनवरच येते आणि तो डगमगतो. पिंजरा धरून असा ड्रोन साधारण अर्धा मीटर रुंद असतो, त्यामुळे मीटरभराच्या पाईपात तो कसाबसा आणि त्याहून लहान पाईपात नकोच. कोरडी धूळ असेल तर आत वादळ उठतं आणि चित्रात नुसता पांढरा धूर दिसतो, पाणी असेल तर तुषार उडून लेन्सवर बसतात. बॅटरी दहा मिनिटांच्या आसपास टिकते, त्यात परत येण्याचा वेळही धरायचा. रेडिओ सिग्नल सरळ मोरीत बराच आत जातो, वळणापुढं मात्र पडतो, म्हणून पायलटनं तोंडाच्या अगदी समोर उभं राहायचं. मोठे बॉक्स, उंच कमानी, खोल भरावाखालच्या लांब मोऱ्या, जिथं तळातून चालणं अशक्य आहे, तिथं ड्रोन उत्तम.

मोरीत पाणी भरलेलं असेल तर?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावर कॅमेरा ठेवून दोरीनं सोडता येतो, पण तो फक्त पाण्याच्या वरचं बघतो. पाण्याखालचं बघायला सोनार लागतो, आवाजाच्या लहरी सोडून परतीच्या लहरींवरून आकार काढायचा. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो, सोनार होत नाही, पण फेसाळ, बुडबुडे असलेल्या पाण्यात सोनारही गोंधळतो. आणि सोनारला हवेतलं दिसत नाही, त्यामुळे अर्ध्या भरलेल्या पाईपात वर लेझर आणि खाली सोनार अशी जोडी एकाच तराफ्यावर लावतात आणि नंतर दोन्ही जोडून पूर्ण आकार मिळवतात. सोनारनं गाळाची जाडी, मोठा खड्डा, तळ नाहीसा झालेला कळतो, बारीक तडा कळत नाही.

एक अनुभव सांगतो. पन्हळी पत्र्याचा पाईप होता, तळात वीसेक सेंटिमीटर पाणी. व्हिडिओ मी स्वतः पाहिला, माथा छान, बाजू छान, सांधे छान, मी 'बरी अवस्था' लिहून मोकळा झालो. पुढं काही महिन्यांनी वर साईडपट्टीला ताटाएवढा खोलगा पडला. तोंडाशी गोण्या लावून पाणी अडवलं, पंपानं उपसलं, तेव्हा दिसलं की पाण्याच्या रेषेखालचा पत्रा गंजून जाळी झालाय, बोटानं दाबला तर आत जात होता, आणि त्याखाली माती नव्हतीच, पोकळी होती. नंतर तोच जुना व्हिडिओ परत लावला तर उत्तर त्यातच होतं. अर्ध्या वाटेपर्यंत पाणी क्रॉलरच्या चाकाच्या वर आणि पुढं उतार तोच असूनही चाक निम्मं उघडं. पाणी मधेच कुठंतरी गायब होत होतं आणि मी भिंती बघत बसलो होतो.

तेव्हापासून दोन गोष्टी मी सोडत नाही. वरच्या तोंडाशी किती पाणी आत जातंय आणि खालच्या तोंडाशी किती बाहेर पडतंय हे नजरेनं तरी ताडून बघतो. आणि पाण्याखालचा भाग दिसला नसेल तर अहवालात 'तळ दिसला नाही' असंच लिहितो, 'बरा आहे' असं लिहीत नाही. पत्र्याचे पाईप तळालाच आधी मरतात, ओलावा तिथं, वाळू-गोट्यांची घासण तिथं.

लेझर आणि लायडार काय देतात जे कॅमेरा देत नाही?

माप. कॅमेरा दाखवतो, लेझर मोजतो. क्रॉलरवर लेझरचं कडं बसवलं की पाईपच्या भिंतीवर प्रकाशाची रेघ पडते आणि त्या रेघेच्या आकारावरून पाईप किती चेपलाय ते निघतं. समजा १२०० मिलिमीटरचा पाईप उभ्या अंगानं ११३० भरला, म्हणजे जवळपास ६ टक्के दबला. लवचिक पाईप, म्हणजे प्लास्टिकचे वगैरे, ५ टक्क्यांच्या वर दबले की काळजीपूर्वक तपासायचे असा संकेत आहे. डोळ्यांना मात्र ६ टक्के चेपलेला पाईप गोलच दिसतो, खरंच दिसतो, फसायला होतं.

लायडारचा खरा उपयोग दुसऱ्या वेळी होतो. आज एक ढग, म्हणजे लाखो बिंदूंचा नकाशा, दोन वर्षांनी दुसरा, आणि दोन्ही एकावर एक ठेवले की कुठं भिंत हलली, कुठं गाळ वाढला ते रंगात दिसतं. पण उडत्या ड्रोनवरच्या लायडारची अचूकता सेंटिमीटरच्या घरातली, काँक्रिटमधला ०.३ मिलिमीटरचा तडा त्यात दिसणार नाही. तड्यासाठी जवळून काढलेला, चांगल्या उजेडातला फोटोच हवा.

पाईप चांगला दिसतोय, पण मागची माती गेलीय का हे कसं कळणार?

आतून बघून पुष्कळदा कळत नाही. त्यासाठी ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार आहे, लोक त्याला जीपीआर म्हणतात, तो रस्त्यावरून ढकलत न्यायचा आणि खालच्या पोकळीचे प्रतिध्वनी बघायचे. कमी फ्रिक्वेन्सी खोल जाते पण बारीक दाखवत नाही, जास्त फ्रिक्वेन्सी बारीक दाखवते पण वरच्यावरच थांबते. ओल्या चिकणमातीत आणि खाऱ्या पाण्यात तर सिग्नल लवकर मरतो, त्यामुळे काळ्या चिकट मातीच्या भरावात जीपीआरनं काही दाखवलं नाही म्हणून पोकळी नाही असं समजू नका. पाईपच्या आतून काँक्रिटमागं बघता येतं, पत्र्यातून मात्र अजिबात नाही, धातू सगळंच परत फेकतो.

उपग्रहाच्या रडारवरूनही रस्ता वर्षाला काही मिलिमीटर खचतोय का ते काढता येतं, शेकडो किलोमीटर रस्त्यात आधी कुठं जायचं हे ठरवायला ते बरं. मोरीच्या आतलं त्यात काही दिसत नाही.

आणि यंत्र यायच्या आधी स्वतःच्या पायांनी वरून एक फेरी मारा. डांबरावर आडवी वाकडी चीर, साईडपट्टीला खोलगा, भरावाच्या उतारावर एकाच जागी झालेलं हिरवंगार गवत, खालच्या तोंडाशी पाईपच्या बाहेरून पाझरणारं गढूळ पाणी. पाणी पाईपच्या आतून जायला हवं, बाहेरून जात असेल तर ते सोबत माती नेतंय.

आधी साफ करायची की आधी बघायची?

आधी बघायची. लोक सरळ जेटिंग मशीन, म्हणजे जोराच्या पाण्यानं गाळ काढणारं यंत्र, लावतात आणि मग कॅमेरा घालतात. पण गाळ कुठं साचलाय हीच मुळात माहिती असते, मधेच ढीग असेल तर तिथं पाईप खचलाय किंवा वरून माती आत येतेय. आणि गंजलेल्या तळावर जोराचं पाणी मारलं तर उरलासुरला पत्राही जातो. एक फेरी आहे तशी, मग बेताची सफाई, मग दुसरी फेरी मोजमापाची.

व्हिडिओ काढला, आता लिहायचं कसं?

वरच्या तोंडापासून मीटर मोजा, पाणी जातं त्या दिशेला तोंड करून डावं-उजवं ठरवा आणि हे पहिल्याच ओळीत लिहा. क्रॉलर खालच्या तोंडातून घातला असेल तर डावं-उजवं उलटं होतं, ही चूक मी फार वेळा बघितलीय आणि दुरुस्तीवाले चुकीची बाजू खणतात. जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगा, माथा १२, तळ ६, उजवी भिंत ३, डावी ९. 'तोंडापासून ८.६ मीटर, २ च्या जागी सांधा सुटलेला, बाहेरची माती दिसते', एवढं लिहिलं की कुणालाही ती जागा सापडते. फोटोत मापासाठी ठराविक अंतरावरचे दोन लेझर ठिपके पडले तर उत्तम.

काय दिसलं नाही तेही लिहा. २२ मीटरची मोरी आणि १५ मीटरवर कॅमेरा थांबला तर उरलेले ७ मीटर तपासलेले नाहीत.

एआय आता सगळं आपोआप ओळखतं म्हणे?

काही प्रमाणात. तासन् तास व्हिडिओ बघून माणूस थकतो, तिथं सॉफ्टवेअर शंकास्पद जागा वेगळ्या काढून देतं, हे चांगलंच आहे. पण शिकवणूक बहुतेक सांडपाण्याच्या पाईपांच्या चित्रांवर झालेली असते, मोरीतली मुळी, चिकटलेलं पान, पाण्याची जुनी रेघ यांना ते तडा समजतं. आणि पाणी मधेच कमी झालं हे ते सांगेल का, तर त्याला ते शिकवलेलं असेल तरच. शेवटची सही माणसाची.

कायमचा सेन्सर बसवावा का?

जिथं मोरीच्या तोंडावरच्या जाळीत कचरा अडकून रस्त्यावर पाणी येतं तिथं बसवा. वरच्या बाजूला एक पातळीमापक आणि खालच्या बाजूला एक, दोघांतला फरक वाढत चालला की आत काहीतरी अडकलंय. अंधारात दिसणारा साधा कॅमेरा जाळीवर रोखून ठेवला तरी मुसळधार पावसात रात्री माणूस पाठवायची वेळ येत नाही. सगळ्याच मोऱ्यांना हे करायची गरज नाही, बॅटरी बदलायला आणि लेन्स पुसायला कुणीतरी जावं लागतंच.

यंत्र आत अडकलं तर?

अडकतं कधीतरी, त्यामुळे आत सोडायच्या आधीच ते काढायचं कसं हे ठरलेलं हवं. केबलच्या जोडाला ताण सहन करणारी वेगळी वायर आहे ना बघा, नुसत्या सिग्नलच्या केबलनं ओढू नका. दोन्ही तोंडं मोकळी असतील तर आधी दोर आरपार काढून घ्या, पाण्यावर तरंगता डबा सोडून दोर पलीकडे नेता येतो, मग यंत्र दोन्हीकडून ओढता येतं. पुढं अडलं तर जोर न लावता मागं घ्या, चाकाखाली बहुतेक वेळा सांध्याची पायरी असते आणि जरा मागं येऊन तिरकं केलं की सुटतं. ड्रोन पडला तर पुशरॉडला, म्हणजे आत ढकलायच्या लांब लवचिक काठीला, आकडा लावून ओढा. किंमत कितीही असो, त्याच्यामागं कुणाला आत जाऊ देऊ नका, आणि ही गोष्ट काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून ठेवा, कारण त्या क्षणी कुणीतरी बूट काढायला लागलेला असतो.

अडकलेल्या जागेचं अंतर आणि शेवटची फ्रेम जपून ठेवा. पुढची फेरी पलीकडच्या तोंडातून काढायची आणि त्याच जागेपर्यंत नेऊन दोन्ही बाजूंनी तो अडथळा बघायचा.